पत्र्याच्या शेडची पन्हळ दर पावसाळ्यात गळते? आधी पाणी कधी येतं ते बघा

आमची शेड दापोली तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत दीडेक किलोमीटरवर आहे. 60 फूट लांब, 30 फूट रुंद, लोखंडी खांब, वर रंगीत प्रोफाइल पत्रा. हंगामात तिथे आंब्याची प्रतवारी होते, पेट्या भरल्या जातात. पावसाळ्यात मात्र रिकाम्या पेट्या, पुठ्ठ्याचे खोके, क्रेट, झेले असा सगळा संसार भिंतीकडेला रचून ठेवलेला असतो. सलग चार वर्षं गणपतीच्या आसपास पश्चिमेच्या भिंतीकडचे पुठ्ठे आम्ही फुगलेले, बुरशी धरलेले बाहेर काढले आणि फेकून दिले.

दरवर्षी निदान एकच, पन्हळ गळते. उपायही एकच, सिलिकॉन. पहिल्या वर्षी दोन नळ्या, दुसऱ्या वर्षी पाच. तिसऱ्या वर्षी एकाने सांध्यांना वेल्डिंग मारून दिलं. त्याने जस्ताचा थर जळला आणि दिवाळीपर्यंत तिथे तांबूस भोकं पडली. चौथ्या वर्षी मी नवी पन्हळ बसवायला निघालो होतो. तेवढ्यात शेजारच्या वाडीतला एक म्हातारा मिस्त्री दुसऱ्याच कामाला आला होता. तो शिडीवर चढला, पत्र्याच्या कडेखाली हात फिरवला आणि म्हणाला, "काका, ही गलत नाय. पानी हिच्यात जातंच कुठं हाय?"

त्याचं खरं होतं. वेल्डिंगची भोकं सोडली तर पन्हळ धडधाकट होती. पाणी तिच्या मागून, पन्हळ आणि भिंत यांच्या फटीतून उतरत होतं. आम्ही चार वर्षं भलत्याच जागी मलम लावत होतो.

(एक खुलासा. हार्डवेअरच्या दुकानात पन्हळ मागितली तर पोरगं तोंडाकडे बघतं, तिथे "गटर" म्हणावं लागतं. मी इथे पन्हळच म्हणतो. माझ्या लेखी गटार रस्त्याकडेला असतं.)

कुठून येतं, त्याआधी कधी येतं

पत्र्याच्या शेडमध्ये पाणी एकीकडून शिरतं आणि दिसतं भलतीकडेच. परलिनच्या (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्टीच्या) पोटातून ते दहा फूट वाहत जातं आणि जिथे बोल्ट लागतो तिथे टपकतं. म्हणून ओल दिसली की तिथेच सिलिकॉन मारणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्यापेक्षा पाऊस कोणत्या प्रकारचा असताना पाणी येतं, एवढं पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा. माझी मुलगी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. रिमझिमीला "र", मुसळधारेला "मु", वारा असला तर बाण. जुलैचं ते पान बघितल्यावर मला सगळा उलगडा झाला.

रिमझिम पावसात भिंत भिजते आणि जोराच्या सरीत उलट कमी भिजते, असं दिसलं तर पाणी पत्र्याच्या कडेवरून मागे वळतंय. फक्त मुसळधारेत, दहा-पंधरा मिनिटांच्या मोठ्या सरीतच येत असेल तर पन्हळ भरून उतू जातेय. पाऊस थांबल्यावरही अर्धा-पाऊण तास ठिबकत राहत असेल तर सांधा गळतोय किंवा पन्हळीला पोट आलंय, म्हणजे ती मध्येच खाली झोळलीय. वारा असला तरच येत असेल तर पत्र्याच्या नाळ्यांच्या (उंचवट्यांखालच्या पोकळ्यांच्या) तोंडातून झड आत शिरतेय, त्याचा पन्हळीशी संबंध नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसताना पहाटे पत्र्यावरून थेंब पडत असतील तर ती गळती नव्हेच. रात्री गार झालेल्या पत्र्याला आतली दमट हवा लागते आणि दव धरतं. त्यावर सिलिकॉन मारणारेही मी पाहिलेत.

आमच्या कॅलेंडरवर "र"ही होता आणि "मु"ही, म्हणजे एकाच भिंतीला दोन वेगळी दुखणी. एकाचा उपाय केला की दुसरं उरायचं आणि आम्ही म्हणायचो, पुन्हा गळायला लागली.

पाणी मागे वळतं ते असं

कौलारू घराचा उतार चांगला खडा असतो. पाणी वेगाने येतं आणि पागोळ्या सरळ अंगणात पडतात. शेडचा उतार फॅब्रिकेशनवाले शक्य तितका कमी ठेवतात, कारण लोखंड वाचतं. आमच्या शेडला 15 फुटांत जेमतेम दीड फुटाचा उतार आहे. अशा पत्र्यावरून रिमझिमीचं पाणी सावकाश येतं. कडेला पोचल्यावर ते खाली पडत नाही, पत्र्याला चिकटून खालच्या अंगाने मागे सरकतं. चहाची किटली हळू वाकवली की चहा तोटीवरून किटलीच्या पोटावर ओघळतो, झटक्याने वाकवली की नीट कपात पडतो. अगदी तोच प्रकार.

पत्र्याची कड पन्हळीच्या मागच्या भिंतीपासून दोनेक इंच आत आलेली असली तर मागे वळलेला थेंबही पन्हळीतच पडतो. आमची कड अर्धा इंचच पुढे होती. याचं कारण 3 जून 2020. त्या दिवशी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडची निम्मी छपरं उडवून गेलं. आमचेही कडेचे पत्रे गेले. त्या दिवसांत पत्रा मिळणंच मुश्किल होतं. मिळाला तो लावला, तो दीडेक इंचाने आखूड होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाऊस तोंडावर होता, डोक्यावर छप्पर आलं याचंच समाधान.

तुमच्याकडे हे होतंय का, ते पाऊस नसतानाही कळतं. पत्र्याच्या कडेखालून बोट फिरवा. खालच्या बाजूला, कडेपासून इंच-दोन इंच आत, मातीची किंवा शेवाळाची रेघ लागली तर पाणी तिथवर येतं. पन्हळीच्या मागच्या अंगाला आणि परलिनवर उभे ओघळ दिसले की शंका उरत नाही. आमच्या परलिनचा रंग बरोबर त्याच ओघळांच्या जागी फुगला होता.

उपाय तीन आहेत, स्वस्तापासून सांगतो. पहिला, पत्र्याच्या खोलगट भागाची कड पकडीने किंचित खाली वाकवायची, सूत-दीड सूत पुरे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पाण्याला टोक मिळालं की ते तिथूनच सुटतं. पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळा, नाहीतर रंग खरवडला जातो आणि खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. दुसरा, पन्हळच उचलून आत सरकवायची, म्हणजे पत्र्याची कड आपोआप दोन इंच आत येते. ब्रॅकेटला जागा असेल तर हे उत्तम. आमच्याकडे ती नव्हती.

तिसरा आम्ही केला. रंगीत पत्र्याचीच सहा इंच रुंद पट्टी वाकवून घेतली. वरचा भाग पत्र्याखाली परलिनवर, खालचा भाग पन्हळीत दोन इंच लोंबता, आणि शेवटची कड जरा बाहेर वळवलेली. शेवटच्या ओळीचे स्क्रू सैल करायचे, पट्टी आत सरकवायची, पुन्हा आवळायचे. पट्टीचे दोन तुकडे एकमेकांवर निदान चार इंच चढलेले हवेत. आता पाणी मागे वळलं तरी पट्टीवर पडतं आणि पट्टी ते पन्हळीत सोडते. 60 फुटांना दोन माणसांचा एक दिवस गेला. जुन्या भोकांत तोच स्क्रू परत धरत नाही, तिथे एक नंबर जाड घ्या. रबराचा वायसर किंचित फुगेल इतकंच आवळा. मशीन लावून चपटा केलात तर दोन उन्हाळ्यांत तो फाटतो.

पन्हळ भरून उतू जाते

दुसरं दुखणं हिशेबाचं होतं, आणि तो हिशेब शेड बांधताना कोणी केलाच नव्हता. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमच्या छपराची एक बाजू 60 गुणिले 16 फूट, म्हणजे सुमारे 89 चौरस मीटर. ताशी 100 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळला तर मिनिटाला जवळजवळ दीडशे लिटर, म्हणजे 15 लिटरच्या दहा बादल्या. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण पन्हळीला वर्षाच्या आकड्याशी घेणं नाही. तिचा प्रश्न त्या दहा मिनिटांचा असतो.

ताशी 100 मिलिमीटर धरला तर तीन इंची उतरता पाईप साधारण 20 चौरस मीटर छपराचं पाणी ओढतो, चार इंची साधारण 40 चौरस मीटरचं. आमच्या 89 चौरस मीटरला होता एकच तीन इंची, तोही एका टोकाला. दुसऱ्या टोकाचं पाणी 60 फूट चालून येईपर्यंत मधली पन्हळ काठोकाठ. आता चार इंची तीन पाईप आहेत, दोन टोकांना आणि एक मध्ये. पन्हळ मोठी करण्यापेक्षा पाईप वाढवणं स्वस्त पडतं आणि जास्त उपयोगी पडतं. सगळे आधी पन्हळच मोठी करायला धावतात, मीही धावलो होतो.

पन्हळ कधी ना कधी भरणारच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता. तसल्या दिवशी कोणतीच पन्हळ पुरत नाही. मग उतू जाणारं पाणी कुठे पडावं हे आपण ठरवायचं. त्यासाठी पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा अर्धा ते एक इंच बुटकी हवी. आमच्याकडे उलटं होतं. समोरून शोभा यावी म्हणून पुढची भिंत उंच आणि मागची ठेंगणी, म्हणजे भरली की पहिला लोंढा शेडच्या आत. पन्हळ आधीच बसवलेली असेल तर टोकाच्या झाकणात, मागच्या कडेच्या इंचभर खाली, तीन बोटं रुंद खिडकी कापा. तिथून पाणी बाहेर पडताना दिसलं की कळतं, पाईप तुंबलाय. एक खिडकी आणि फुकटचा पहारेकरी.

पाईप पन्हळीला जिथे जोडतात तिथे आणखी एक गफलत असते. तोंडाचा तुकडा वरून घालून त्याची कड पन्हळीच्या तळापेक्षा दोन सूत वर ठेवतात. मग दोन सूत पाणी कायमचं साचतं, त्यात डास होतात, पाचोळा कुजतो आणि तळ तिथूनच सडतो. तोंड तळाशी समपातळीत किंवा किंचित खाली बसवा. त्यावर जाळी सपाट नको, आंब्याचं एक पान बसलं की ती बंद. तारेचा घुमट करा, पानं त्याच्या अंगाला टेकतात आणि वरून पाणी जात राहतं. संपूर्ण पन्हळीवर जाळी टाकायचाही प्रयोग केला होता. सुरूची पानं त्यात सुईसारखी अडकली, पाणी जाळीवरूनच घसरून बाहेर. काढून टाकली.

उतार आणि पोट

10 फुटांना चार सूत उतार पुरतो. 60 फुटांची पन्हळ एकाच दिशेला उतरवू नका. टोकाला तीन इंच फरक पडतो, मग पत्रा आणि पन्हळ यांत एवढी फट राहते की वाऱ्याने पाणी पन्हळीबाहेर उडतं. दोन पाइपांच्या मधोमध उंची धरून दोन्हीकडे उतार द्या. उतार डोळ्यांनी बघू नका, पत्र्याच्या कडेला समांतरही धरू नका, शेडची कडच सरळ नसते. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी घ्या, मग सुतळी ताणा आणि त्या सुतळीला ब्रॅकेट लावा.

ब्रॅकेट दर दोन फुटांवर, आणि परलिनला. पत्र्याला स्क्रू मारून लटकवलेली पन्हळ पहिल्याच भरतीला पत्र्यासकट वाकते. पाणी एवढंच वजन असतं असंही नाही. आमच्याकडे वानरांची टोळी माडावरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून पन्हळीवर उडी मारते. तीन फुटांवरच्या ब्रॅकेटांमध्ये जी पोटं आली ती बहुतेक त्यांचीच कृपा. शेडवर माड वाकलेला असेल तर सुकी झावळ आणि नारळ आधी उतरवून घ्या.

गळत असेलच तर सांधा

इतकं सगळं बघून झाल्यावर सांध्याकडे या. तपासायची रीत सोपी आहे. मे महिन्यात, कोरड्या दिवशी, पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवा. पन्हळीखालून प्रत्येक सांध्याला रांगोळीची कोरडी पूड फासा. मग बादल्यांनी पन्हळ अर्धी भरा आणि चहा पिऊन या. जिथे पूड काळपट ओली झाली तो सांधा गळतो, बाकीच्यांना हात लावायचा नाही. ही परीक्षा पास झाली तर बोळा काढा आणि नळीने पाणी आधी कडेच्या पत्र्यावर, मग हळूहळू वर सोडत न्या. एकाने आत उभं राहायचं. खालून वर जायचं, वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

गळणारा सांधा वरून लिंपून टिकत नाही. रिव्हेट काढा, दोन्ही तुकडे घासून कोरडे करा, दोन पत्र्यांच्या मध्ये सीलंट भरा आणि मग दाबून रिव्हेट मारा, दोन ओळींत. चढ दोन-तीन इंचांचा, आणि उंचाकडचा तुकडा वर, उताराकडचा खाली. वाहतं पाणी सांध्यात घुसता कामा नये.

सिलिकॉन घेताना नळी हुंगायला मिळाली तर हुंगा. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं नको. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते जस्ताला खातं. आमच्या पहिल्या दोन वर्षांच्या सात नळ्या त्याच जातीच्या होत्या. नळीवर "न्यूट्रल" लिहिलेलं घ्या.

कापायला ग्राइंडरची चकती शक्यतो नको. कडेचा थर जळतोच, शिवाय उडालेले तापलेले कण पत्र्याच्या रंगात रुततात आणि आठवड्याभरात पत्र्यावर तांबडी पुरळ उठते. हाताची कातरी किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा आणि काम संपल्यावर पत्रा झाडा. खूण पेन्सिलने करू नका, स्केचपेनने करा. पेन्सिलीतलं ग्राफाइट ओलीत जस्त-ॲल्युमिनियमच्या थराला गंजवतं. तांब्याची तार किंवा तांब्याचा पाइप पन्हळीवर टेकू देऊ नका. एसीचं पाणी तांब्याच्या नळीवरून पन्हळीत पडत असेल तर ते वळवा.

पीव्हीसीची पन्हळ गंजत नाही, म्हणून समुद्राजवळ बरेच जण तीच घेतात. वाईट नाही, पण ती उन्हाने लोखंडाच्या पाचेक पट वाढते. 60 फुटांत दिवस-रात्रीत इंचभराची हालचाल सहज होते. दोन्ही टोकं घट्ट आवळलीत तर मधला कपलर, म्हणजे जोडणारा तुकडा, निसटतो. वाढायला जागा देणारा सांधा घाला.

शिडी लावताना एक बघा, शेडला येणारी विजेची सर्व्हिस वायर बहुतेक वेळा पन्हळीच्याच बाजूला असते. मेन स्विच बंद केला तरी त्या वायरमध्ये वीज राहतेच, म्हणून शिडी आणि हात तिच्यापासून लांब ठेवा. आणि पत्र्यावर चालायचंच झालं तर स्क्रूच्या ओळीवरून, खाली परलिन असते तिथून.

हे सगळं आम्ही मागच्या वैशाखात केलं. मृगात पहिली सर आली तेव्हा मी आणि मुलगी विजेरी घेऊन पश्चिमेच्या भिंतीशी तासभर उभे होतो. परलिन कोरडी, भिंत कोरडी. आर्द्रात एका रात्री पन्हळ भरली. टोकाच्या खिडकीतून बाहेर धार पडली, आत थेंब नाही. सकाळी बघितलं तर मधल्या पाइपाच्या घुमटावर वानरांनी टाकलेली अर्धी पपई बसली होती.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात अजून थोडं येतं, फक्त वारा त्या बाजूचा असला की. कॅलेंडरवर तिथे सगळे बाणच आहेत. पत्र्याच्या नाळ्यांत बसवायचे फोमचे तुकडे दापोलीत मिळाले नाहीत, चिपळूणहून आणायचेत. तोवर तिथे पुठ्ठे रचलेले नाहीत, क्रेट रचलेत.